लाईन गेली तेव्हा

नवतपा लागला की माझा धंदा जोरात.
नाईक तलावाच्या मागची आमची गल्ली:
एकोणीस घरं, एकवीस कुलर.
डोळे मिटूनही सांगतो कोणता कोणाचा.
निनाव्यांच्या पंपात शेवाळ आहे,
परातेकाकांचं पातं जाळीला घासतं,
वरच्या भाडेकरूचा नुसता तापतो, हवा देत नाही.

विलासचा कुलर चैत्रातच आला होता माझ्याकडे.
बुश पार झिजलेला.
म्हटलं, नवा टाकतो, मांजरीच्या पावलांनी चालेल.
तो म्हणाला, "आवाज राहू दे गा.
मले आवाजाबिगर झोप येत नाही."
मी हसलो. ताट्या तेवढ्या बदलल्या,
पन्नास रुपये कमी घेतले.

मे महिन्यात रात्री दहानंतर
अख्खी गल्ली म्हणजे एकच मोटर.
तिच्या पोटात सगळं जिरतं,
टीव्ही, म्हाताऱ्यांचा खोकला, पट्टा.
पंख्याचा पट्टा म्हणायचं होतं मला.
नाही.
कुलरला पट्टा नसतो.
तीस वर्षं हेच काम करतो मी.

त्या रात्री पावणेबाराला डीपी उडाली.
एकवीस पाती फिरत फिरत मंदावली
आणि गल्ली उघडी पडली.
बापे गच्चीवर आले, बनियानवर,
कोणी लाईनवाल्याला शिव्या घातल्या,
तेवढ्यात खालून पौर्णिमाचा आवाज आला.
ती ओरडत नव्हती.
हळू आवाजात एकच म्हणत होती,
"पोरगी उठंल. पोरगी उठंल न."

कोणीच दचकलं नाही.
हे आजही खुपतं मला,
की आमच्यापैकी कोणीच दचकलं नाही.

परातेकाका म्हणाले, "घरचा मामला हाय."
मागून काकू बोलल्या, अंधारातून,
पोळ्या झाल्या सांगावं इतक्या साध्या आवाजात:
"तुमच्या टायमाला तं कुलरबी नव्हते.
सगळ्यायले आयकू जाय.
कोणी आलं नाही."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग काका वाकले,
अंधारात पायाने चप्पल चाचपू लागले.

पाच जण उतरलो.
माझ्या हातात सवयीने पाना आला होता,
तो पायरीवर ठेवला.
दार वाजवलं तेव्हा तोंडात आलं होतं,
"कुलर पाहायले आलो."
लाईन नाही, कुलर कसला.
म्हटलं, "विलास, आमाले आयकू आलं."

"मंग? तुमचं काय काम?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं.
काका ओट्यावर बसले,
मग आम्हीही बसलो.
निनाव्यांचा पोरगा पोलिसांना फोन लावत होता,
त्याचा हात थरथरत होता,
चालू मोबाईलचा उजेड भिंतीवर हलत होता.
पौर्णिमा बाहेर आली, खांद्यावर झोपलेली पोरगी.
आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही तिने.
काकूंच्या दारात गेली.

पहाटे तीनला लाईन आली.
कुलर एकामागून एक सुरू झाले,
विलासचा सगळ्यात मोठ्याने.

पुढचं अजून चालू आहे. ठाणं, तारखा,
तिचा भाऊ मौद्याहून येतो-जातो.
विलास माझ्याशी बोलत नाही.
पन्नास रुपयांचं मी कोणाला सांगितलेलं नाही,
इथे पहिल्यांदा लिहितोय.

आता रोज झोपायच्या आधी
मी आमचा कुलर पाच मिनिटं बंद करतो.
पहिल्या रात्री बायकोने विचारलं,
"काय आयकून रायले?"
मी म्हटलं, "आपल्या घरात काय आयकू येते?"

ती किती तरी वेळ गप्प होती.
घाम फुटला मला.
मग म्हणाली,
"पोरगा पोटात होता तेव्हा, दिवाळीत,
ताट फेकलं होतं तुमी. पितळेचं."

मला आठवेना.
"लागलं होतं का तुले?"

"लागलं नाही," ती म्हणाली.
"घुमत रायलं फक्त."

दाराशी पोरगा उभा होता, सातवीतला, झोपेतून उठलेला.
"बाबा, बंद काहून केला?"
मी जागेवरून सरकलो.
तो येऊन आमच्यामध्ये बसला.